वाट बघण्याच्या पद्धती

बर्फ कारखान्याच्या माडीवर माझं टेबल.
खाली लाद्या फुटतात, वर कीबोर्ड वाजतो,
खिडकीत हर्णैचं बंदर, भरतीला अजून तास आहे.

सोसायटीचं काम घेतलंय:
होड्यांनी दर्यातून मासळीचं वजन कळवायचं,
इथे लिलावाच्या फळ्यावर ते उमटायचं.
लिलाव चारला. होड्या एकशे ऐंशी.
काल बरोबर चारला प्रोग्राम गप्प झाला.
बिघडला नाही, नुसता 'एकवीरा'ची वाट बघत उभा राहिला,
तिला रेंज नव्हती,
आणि तिच्यामागे एकशे एकोणऐंशी.
वाट बघता बघता वाट लागली.
लिलाव झाला तोंडी, नेहमीसारखा, माझ्यावाचून.

फैझान मुकादम म्हणाला, सोपं आहे,
दर होडीमागे एक थ्रेड.
म्हणजे किनाऱ्यावर एकशे ऐंशी माणसं उभी करायची,
ज्याने त्याने आपल्याच होडीकडे बघायचं,
चहा नाही, तंबाखू नाही, शेजाऱ्याशी बोलणं नाही.
आणि आमचा सर्व्हर? कोळंबीच्या खोक्याएवढा.
शिवाय फळा एकच, खडू एकच,
दोघांनी एकदम हात घातला
की सुरमईच्या रकान्यात बांगडा.

मग रात्री मी कॉलबॅक लिहिले.
होडी लागली की काट्याला सांग,
काटा झाला की बर्फवाल्याला सांग,
त्याने टेम्पोला, टेम्पोने दापोलीला,
प्रत्येक निरोप आदल्या निरोपाच्या पोटात,
ओळी उजवीकडे सरकत सरकत
पार सुवर्णदुर्गाला टेकल्या.
पहाटे चाचणीत टेम्पो मुद्दाम आणलाच नाही.
तर ते कुणी कुणाला सांगायचं, हे मी लिहिलंच नव्हतं.
निरोप कुणाच्या तरी तोंडात राहिला,
आणि फळ्यावर सगळं आलबेल.

दुपारी डोकं धरून खाली उतरले.
चांगुणा पावसे जवळा निवडत बसलेली,
तिच्या घरची माणसं 'एकवीरा'वर.
म्हटलं, वाट बघताय?
"पान्यात वाट असते काय, बघायला?
आली म्हंजे कलंल."
हात थांबला नाही.
पण बाजूला एक पाटी होती, रिकामी, धुतलेली,
सुलटी ठेवलेली, आत बर्फाचं कूपन,
आणि तिच्यात कुणी काही टाकायला गेलं
की चांगुणा न बघता म्हणायची, ती नको.

मी विचारलं, आणि नाहीच आली तर?
"दिवेलागनीपातूर बघायचं. मग तांडेलाला फोन.
मग सोसायटी. मग..."
जवळ्यातून एक शिंपला काढून तिने लांब फेकला.
माझ्या कोडपेक्षा ती दोन पायऱ्या पुढे होती.

वर येऊन सगळं पुसलं.
आता जिथे थांबायचं, तिथे अवेट लिहिते.
वाचायला सरळ, खाली खाली उतरणारं,
पण त्यातही चकवा आहे:
एकेकीला अवेट करत गेलं की पुन्हा कालचीच रांग,
फक्त शुद्धलेखन सुधारलेलं.
आधी सगळ्यांना हाक घालायची,
एकशे ऐंशी पाट्या सुलट्या मांडायच्या,
मगच थांबायचं.
आणि एकाने थांबायचं ठरवलं
की त्याला बोलावणाऱ्यालाही थांबायला शिकावं लागतं,
त्याला बोलावणाऱ्यालाही,
असं करत पार माडीपर्यंत.
फैझान म्हणतो, हा संसर्ग आहे.
मी म्हणते, हे गाव आहे.

चार वाजले. फळा भरतोय, आडवातिडवा,
जी आली ती, जशी आली तशी.
'एकवीरा'समोर कोरी जागा,
तिच्या खालच्या ओळीत पापलेट, तेवीस किलो.

फैझान विचारतो, टाइमआउट किती ठेवलास?
म्हटलं, दिवेलागण.
म्हणजे किती मिलिसेकंद?
खिडकीतून बघितलं.
म्हटलं, ते रोज बदलतं.